वाय-फाय दिसत नाही म्हणून लॅपटॉप मोडीत काढू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. बेळगावातल्या घराघरांत, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतल्या मराठी शाळांत, गावोगावच्या वाचनालयांत असे कितीतरी लॅपटॉप आहेत, जे या अटीत बसत नाहीत, पण बाकी धडधाकट आहेत. चार जीबी रॅम आणि एक स्वस्त एसएसडी असली तरी त्यांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत कार्यप्रणाली) चांगले चालते. मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतात, आणि सीमाभागात या दोन्ही लिप्या एकाच यंत्रावर लागतातच. म्हणून लोक लिनक्स टाकून घेतात. आणि पहिल्याच दिवशी अडतात ते वाय-फायपाशी.

मग ‘कार्ड गेलंय’ किंवा ‘लिनक्सला वाय-फाय चालतच नाही’ असे सांगितले जाते. पुन्हा फॉरमॅट मारून बिनपरवाना विंडोज टाकले जाते, किंवा लॅपटॉप कपाटात जातो. दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. वाय-फाय न दिसण्याची कारणे मोजकी आहेत आणि कोणते कारण आहे हे यंत्र स्वतःच सांगते. ते वाचायचे कसे, एवढ्यासाठी हे पत्र. छपाईच्या सोयीसाठी आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लहान अक्षरांत आणि इथे दिसतात तिथेच जागा सोडून टाइप कराव्यात.

सर्वांत आधी इंटरनेट मिळवा. वाय-फाय दुरुस्त करायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठी वाय-फाय, या पेचात अनेक जण अडकतात. अँड्रॉइड फोन साध्या डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला यासाठी वेगळा ड्रायव्हर (जोडलेले उपकरण चालवणारा प्रोग्राम) लागत नाही, काही सेकंदांत तारेचे नेटवर्क जोडल्याची खूण दिसते. जांबोटी-कणकुंबीकडे जिथे मोबाइलची रेंज धड नाही, तिथे फोन शाळेच्या वाय-फायला जोडून ठेवा आणि मग टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन तेच वाय-फाय केबलमधून पुढे देतात. नुसती चार्जिंगची केबल असेल तर मात्र काहीच घडणार नाही. केबल बदलून पाहा.

आता मुख्य गोष्ट, कार्डाचा क्रमांक. लॅपटॉपवर छापलेले मॉडेल इथे उपयोगाचे नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी कार्डे बसवतात. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ असलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन भागांचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ १०ईसी:सी८२१. पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे क्वालकॉम एथेरोस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. दुसरा भाग नेमक्या चिपचा. वरच्या उदाहरणातली चिप आहे रिअलटेक आरटीएल८८२१सीई. यूएसबी डोंगलसाठी (बाहेरून लावायच्या वाय-फाय कार्डासाठी) हेच काम ‘एलएसयूएसबी’ करते.

त्या ओळीखाली आणखी दोन ओळी असू शकतात आणि निदान त्यांतच आहे. ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ सांगते की या कार्डासाठी योग्य ड्रायव्हर यंत्रावर आहे. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ सांगते की तो ड्रायव्हर कार्डाला प्रत्यक्ष लागलेला आहे. दोन्ही ओळी असतील तर ड्रायव्हर शोधत बसू नका, अडचण पुढे कुठेतरी आहे. फक्त मॉड्यूल्सची ओळ असेल तर ड्रायव्हर आहे पण त्याला कार्ड सुरू करता आलेले नाही; बहुधा फर्मवेअरची फाइल मिळत नाही. दोन्ही नसतील तर हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या कार्डाला ओळखतच नाही. आणि नेटवर्क कंट्रोलरची ओळच नसेल, तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस बंद केले आहे का ते पाहा. नसेल तर लॅपटॉप बंद करून, बॅटरी सोडवून, कार्ड काढा, त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत या पट्ट्यांवर थर चढतो. हे सगळे करूनही ओळ उमटली नाही, तरच कार्ड गेले असे म्हणावे.

कर्नल ओळखत नसेल तर प्रश्न आवृत्तीचा असतो. लिनक्समध्ये वाय-फायचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात आणि प्रत्येक चिपचा ड्रायव्हर ठरावीक आवृत्तीपासून आलेला असतो. इंटेल एएक्स२०० ला ५.१ पासून पुढचा कर्नल लागतो, एएक्स२१० ला ५.१०, रिअलटेक ८८२१सीई ला ५.९, मीडियाटेक एमटी७९२१ ला ५.१२, रिअलटेक ८८५२एई ला ५.१६ आणि ८८५२बीई ला ६.२. आता दुसरी बाजू पाहा. मिंट २० चा कर्नल ५.४ आहे, मिंट २१ चा मूळ कर्नल ५.१५, मिंट २२ चा ६.८. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीत ६.१ आहे, १३ व्या आवृत्तीत ६.१२. आपल्या भागात मिंट २० चे जुने पेन ड्राइव्ह अजूनही हातोहात फिरतात. त्यातून टाकलेल्या लिनक्सला ८८२१सीई दिसणार नाहीच, कारण तो ड्रायव्हर त्यानंतर आला. कार्डात दोष नाही आणि लिनक्समध्येही नाही. मिंट २० ची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपलेली आहे, तेव्हा तो पेन ड्राइव्ह पुसून नवी आवृत्ती भरा. चालू कर्नल कोणता हे ‘यूनेम -आर’ सांगते. मिंट २१ ठेवायचेच असेल तर अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘लिनक्स कर्नल्स’ आहे, तिथून ६.८ घेता येतो.

ड्रायव्हर आहे पण लागत नाही, अशा वेळी ‘सुडो डीएमईएसजी’ (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) देऊन लाल आणि ठळक ओळी वाचा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ असे दिसले तर त्याचा अर्थ एवढाच की फाइल जागेवर नाही. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतल्या प्रोसेसरला दर वेळी सुरू होताना द्यावा लागणारा कार्यक्रम. तो ड्रायव्हरहून वेगळा असतो आणि वेगळ्या पॅकेजातून येतो: उबुंटू (मिंट ज्यावर बेतलेले आहे ते लिनक्स) आणि मिंटमध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’ या एकाच पॅकेजातून, डेबियनमध्ये मात्र ‘फर्मवेअर-रिअलटेक’, ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, ‘फर्मवेअर-एथेरोस’ असे तुकडे आहेत. डेबियन १२ पासून ही पॅकेजे अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिली जातात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती नसत, आणि ‘डेबियनला वाय-फाय नाही’ हा समज तिथूनच पसरला. नवा कर्नल टाकला आणि फर्मवेअरचे पॅकेज जुनेच राहिले तरी हीच चूक दिसते, म्हणून दोन्ही बरोबरच अद्ययावत करावीत. इंटेलच्या बाबतीत एक सावधगिरी: तो ड्रायव्हर आधी नव्या क्रमांकाची फाइल मागतो, नसली तर एकेक पायरी खाली येत जुनी घेतो. वरच्या पायऱ्यांच्या त्रुटी दिसल्या म्हणून घाबरू नका, शेवटी कोणती फाइल मिळाली ते पाहा.

याहून किचकट प्रकरण आहे कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरचे, आणि सर्वाधिक लॅपटॉप तिथेच हकनाक मोडीत निघतात. ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, क्रमांक १४ई४:४३६५, हे कार्ड दशकभरापूर्वीच्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये आहे. कर्नलमधला बी४३ ड्रायव्हर त्याला चालत नाही. ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरच लागतो. उबुंटू-मिंटमध्ये पॅकेजचे नाव ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’, डेबियनमध्ये ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’. ब्रॉडकॉमने यावर शेवटचा हात फिरवला २०१५ मध्ये. तेव्हापासून डेबियन आणि उबुंटूची सांभाळणारी मंडळीच प्रत्येक नव्या कर्नलसाठी ठिगळे लावत आली आहेत.

ठिगळे का लागतात? लिनक्सचा कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांशी केलेला करार मोडत नाही, पण आतली फंक्शने हवी तेव्हा बदलतो. आतले ड्रायव्हर त्याच हाताने दुरुस्त होतात, बाहेरचे मागे राहतात. ६.१५ मध्ये ‘डेल_टायमर’ हे फार जुने फंक्शन काढून टाकले गेले आणि ते वापरणारा बाहेरचा प्रत्येक ड्रायव्हर त्या कर्नलवर बांधला जाईनासा झाला. काल अपडेट केले आणि आज वाय-फाय गेले, या तक्रारीमागे बहुधा असेच काही असते.

असे ड्रायव्हर डीकेएमएस ही व्यवस्था प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा बांधते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: डीकेएमएस, ‘बिल्ड-एसेन्शियल’ (बांधणीची साधने) आणि नेमक्या त्याच कर्नलची हेडर (बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या व्याख्यांच्या फाइली). हेडर एकाच क्रमांकाची टाकली तर पुढच्या अपडेटला गाडी अडते. म्हणून उबुंटू-मिंटच्या मूळ कर्नलसाठी ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे सामायिक पॅकेज टाकावे, म्हणजे प्रत्येक कर्नलबरोबर त्याची हेडरही येतात. ‘डीकेएमएस स्टेटस’ दिल्यावर चालू कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसले पाहिजे. ‘ॲडेड’ एवढेच दिसले तर बांधणी झालेली नाही. बांधणी अर्धवट राहिली तर डीकेएमएसच्या बिल्ड फोल्डरात ‘मेक.लॉग’ असते, त्यातली पहिली त्रुटी वाचा, शेवटची नव्हे. मिंट २१ किंवा उबुंटू २२.०४ वर ६.५ किंवा ६.८ कर्नल घेतलेल्यांना त्या लॉगमध्ये ‘एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखीचा नाही अशी ओळ हमखास दिसते. तो कर्नल जीसीसी या कंपायलरच्या (प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाच्या) १२ व्या आवृत्तीने बांधलेला आहे आणि यंत्रावर जीसीसी ११ आहे, एवढेच त्याचे कारण. ‘जीसीसी-१२’ टाका आणि ड्रायव्हर पुन्हा बांधा, काम होते.

इंटरनेटवर कुठेतरी सापडलेला ड्रायव्हर उतरवून ‘मेक इन्स्टॉल’ करण्याची सवय आमच्या मते सर्वांत घातक आहे. तो डीकेएमएसमध्ये नोंदला जात नाही, म्हणून पुढच्या कर्नलबरोबर बंद पडतो. शिवाय नंतर नव्या कर्नलमध्ये खरा ड्रायव्हर आला की एकाच कार्डावर दोन दावेदार होतात. ८८२१सीई मध्ये हे नेहमी घडते: जुना डीकेएमएसचा ड्रायव्हर आणि कर्नलमधला ‘आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई’. कर्नल ५.९ च्या पुढचा असेल तर जुना पॅकेज काढून टाका आणि ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात कुणी नव्या ड्रायव्हरला ‘ब्लॅकलिस्ट’ केले (तो लागू न देण्याची सूचना लिहिली) असेल तर ती ओळही पुसा. पॅकेज काढले तरी ती ओळ कधीकधी मागे राहते आणि वाय-फाय गायबच राहते.

ड्रायव्हर नीट बांधला, तरी लागत नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर येते, तेव्हा सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला ड्रायव्हर लागू न देणारी सुरक्षा) चालू आहे. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने खात्री करा. सिक्युअर बूट बंद करणे सोपे, पण गरजेचे नाही. उबुंटू-मिंट असा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तो थोडेच सेकंद थांबतो, कळ दाबली नाही तर निघून जातो आणि सगळे पुन्हा करावे लागते. तिथे ‘एनरोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड आणि रीबूट. पासवर्ड नुसत्या अंकांचा ठेवा, कारण त्या पडद्यावर मराठी-कन्नड कीबोर्ड नसतो.

ड्रायव्हर लागला आहे पण नेटवर्क दिसत नाही, अशा वेळी ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने सुटते. ‘हार्ड ब्लॉक्ड येस’ म्हणजे लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा फंक्शनची कळ. त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवले असेल तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना विंडोज ‘शट डाउन’ केले तरी पुरते बंद होत नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत राहते आणि लिनक्सचा ड्रायव्हर त्याला जागे करू शकत नाही. मीडियाटेक एमटी७९२१ मध्ये ‘ड्रायव्हर ओन फेल्ड’ ही ओळ दिसली तर आधी हेच तपासा. चार्जर काढून, लॅपटॉप पूर्ण बंद करून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवल्यावरही कार्ड बऱ्याचदा ताळ्यावर येते.

वाय-फाय लागते पण राउटरशेजारी बसल्याशिवाय चालत नाही, ही तक्रार रिअलटेक आरटीएल८७२३बीई असलेल्या, विशेषतः एचपीच्या काही लॅपटॉपवर येते. कार्डाला अँटेनाच्या दोन जागा आहेत, तार एकच जोडलेली आहे आणि ड्रायव्हर मोकळ्या जागेवर कान लावून बसतो. मॉडप्रोब.डी फोल्डरात एक कॉन्फ फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’ ही ओळ लिहा; फरक पडला नाही तर २ ऐवजी १. रीस्टार्ट केल्यावर पुढच्या खोलीतही नेटवर्क पोचते. दर काही मिनिटांनी तुटत असेल तर वीजबचत बंद करून पाहा: नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरात ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ आहे, त्यात ३ च्या जागी २. रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८८ गटातल्या कार्डांना मॉडप्रोब.डी फोल्डरात ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१’ हाही पर्याय लागू पडतो.

नवे काही घ्यायचेच असेल तर खोक्यावरचे नाव पाहून घेऊ नका. टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत एथेरोसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची ८१८८ईयूएस आली. नाव तेच राहिले. आमची पसंती मीडियाटेकच्या एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू चिपला, कारण त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षे आहे. ‘एसी६००’ आणि ‘एसी१२००’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डोंगलमध्ये ८८२१एयू किंवा ८८१२एयू असते. तिचा चांगला ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.१३-६.१४ च्या सुमारास आला, त्याआधीच्या कर्नलवर ती बाहेरच्या ड्रायव्हरशिवाय धड चालत नाही. डोंगल लावल्यावर ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक आणि एक सीडी ड्राइव्ह दिसली तर घाबरू नका. डोंगल विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी बनून बसला आहे. ती ‘इजेक्ट’ करा, खरा क्रमांक पुढे येतो.

आतले कार्ड बदलायचे असेल तर इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, एएक्स२०१ नव्हे. एएक्स२०१ चे अर्धे काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटमध्ये असते, जुन्या लॅपटॉपमध्ये ते मुळीच चालत नाही. जुन्या यंत्रात एम.२ ऐवजी मिनी पीसीआय एक्सप्रेसची जागा असेल तर तिच्यासाठी तशाच आकाराचे कार्ड लागते आणि अँटेनाची टोकेही जुळत नाहीत. काही जुने लेनोव्हो आणि एचपी लॅपटॉप बायोसच्या यादीबाहेरचे कार्ड नाकारतात. लेनोव्हो १८०२ ही त्रुटी दाखवून थांबतो, एचपी १०४. म्हणून पैसे देण्याआधी दुकानात बसवून, चालू करून पाहावे.

कर्नल अपडेट केल्यावर वाय-फाय गेले तर काहीही पुसण्याआधी यंत्र पुन्हा सुरू करा, ग्रबच्या (सुरू होताना कर्नल निवडायच्या) यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. यादी दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबावी लागते. जुना कर्नल यंत्रावर असतोच, फक्त ‘ऑटोरिमूव्ह’ ही बिनगरजेची पॅकेजे काढणारी आज्ञा घाईने चालवू नये. त्यावर काम चालू ठेवून नव्या कर्नलचा ड्रायव्हर सावकाश लावता येतो. महिनोन्महिने जुन्याच कर्नलवर मात्र राहू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्यातच येतात.

शाळांना आणि वाचनालयांना जुने लॅपटॉप देणाऱ्यांना एक विनंती. देण्याआधी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवून कार्डाचा क्रमांक आणि ज्या कर्नलवर ते चालले त्याची आवृत्ती एका कागदावर लिहा आणि तो लॅपटॉपच्या पाठीला चिकटवा. दुरुस्ती करणाऱ्यांनीही पावतीवर ‘वाय-फाय कार्ड खराब’ असे न लिहिता हाच क्रमांक लिहावा. ग्राहकाने तो मागून घ्यावा.

कळावे,
आपले,
लिनक्सवर काम करणारे काही वाचक,
बेळगाव आणि खानापूर